एएसएन.१ मधील डेटा प्रकार: बाइटला अर्थ कोण देतो?

समजा तुमच्या संगणकाकडे नेटवर्कवरून तीन बाइट आले: २, १, ७८. यांचा अर्थ काय? हे तीन वेगळे अंक असतील, एखादी तारीख असेल किंवा चित्राचा तुकडा असेल. नुसत्या बाइटकडे पाहून ते ठरवता येत नाही. पाठवणारा आणि घेणारा यांच्यात आधी काहीतरी ठरलेले असावे लागते. एएसएन.१ च्या नियमांनुसार मात्र या तीन बाइटचा अर्थ नेमका निघतो: 'पुढे पूर्णांक आहे, तो एक बाइट लांब आहे, त्याचे मूल्य ७८ आहे.'

एएसएन.१ म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट सिंटॅक्स नोटेशन वन. रचनाबद्ध माहितीचे वर्णन करण्यासाठी हे नोटेशन १९८४ मध्ये एक्स.४०९ या शिफारशीतून पुढे आले. आज त्याची व्याख्या एक्स.६८० या मालिकेत मिळते. विषय जुना वाटेल, पण तुमच्या रोजच्या वापरात तो आहे. ब्राउझरमध्ये एखादे सुरक्षित संकेतस्थळ उघडले की त्याचे सर्टिफिकेट एएसएन.१ मध्ये येते. ४जी आणि ५जी फोन टॉवरशी जोडणीबद्दल जे संदेश बोलतो, त्यांचे वर्णनही याच नोटेशनमध्ये आहे. राउटर आणि स्विचवर लक्ष ठेवणारा एसएनएमपी हा प्रोटोकॉलही यावरच उभा आहे.

या लेखात आपण एएसएन.१ चे मुख्य डेटा प्रकार पाहू. त्यासोबत एक मुद्दा सतत ध्यानात ठेवू: डेटा प्रकार निवडताना माहिती कशी दिसते हे पाहायचे नाही, तिचा अर्थ काय आहे हे पाहायचे. हे चुकले तर काय होते, याची खरी उदाहरणे शेवटच्या भागांत आहेत.

एक सूचना. वाचायला सोपे जावे म्हणून येथे नोटेशनमधील शब्द आणि अंक देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष मॉड्यूल लिहिताना ते रोमन लिपीत लिहावे लागतात. बाइटची मूल्ये सर्वत्र दशमान पद्धतीत आहेत.

१. सी भाषेतले स्ट्रक्चर का पुरत नाही?

वर्गात हा प्रश्न हमखास येतो: 'सी मध्ये स्ट्रक्चर लिहून तेच सॉकेटवर पाठवले तर?' उत्तरासाठी ३०० ही संख्या घ्या. चार बाइटच्या इंटीजरमध्ये लिटल एंडियन यंत्र ती ४४, १, ०, ० अशी ठेवते. हेच बाइट बिग एंडियन यंत्राने जसेच्या तसे वाचले, तर त्याला ७३,८२,६३,०४० ही संख्या मिळेल. वाटेत एकही बिट बिघडलेला नाही, तरी अर्थ पूर्ण बदलला.

म्हणून एएसएन.१ ने काम दोन भागांत वाटले. पहिला भाग वर्णनाचा: कोणती माहिती, कोणत्या प्रकाराची, कोणत्या मर्यादेत. दुसरा भाग एन्कोडिंगचा: ती माहिती बाइटमध्ये कशी मांडायची. वर्णन एकच राहते, एन्कोडिंगचे नियम मात्र अनेक आहेत. बीईआर हे मूळ नियम. डीईआर हा त्यांचा कडक उपसंच. त्यात एका मूल्याला एकच मांडणी चालते, म्हणून डिजिटल सहीसाठी तो वापरतात. पीईआर हे जागा वाचवणारे नियम.

२. टॅग, लांबी, मूल्य

बीईआर आणि डीईआर मध्ये प्रत्येक घटक तीन भागांत जातो: टॅग, लांबी आणि मूल्य. टॅग प्रकार सांगतो. नेहमी लागणाऱ्या प्रकारांचे टॅग क्रमांक असे:

बूलियन – १
इंटीजर – २
बिट स्ट्रिंग – ३
ऑक्टेट स्ट्रिंग – ४
नल – ५
ऑब्जेक्ट आयडेंटिफायर – ६
एन्यूमरेटेड – १०
यूटीएफ८ स्ट्रिंग – १२
सीक्वेन्स – १६
सेट – १७
न्यूमेरिक स्ट्रिंग – १८
प्रिंटेबल स्ट्रिंग – १९
आयए५ स्ट्रिंग – २२
यूटीसी टाइम – २३
जनरलाइझ्ड टाइम – २४

टॅगच्या बाइटमधील वरचे दोन बिट वर्ग दाखवतात, तिसरा बिट 'आत आणखी घटक आहेत का' हे सांगतो आणि खालचे पाच बिट क्रमांक देतात. सीक्वेन्सच्या आत इतर घटक असतात, म्हणून तिसऱ्या बिटचे ३२ मिळवून तिचा बाइट १६ + ३२ = ४८ होतो.

लांबी १२७ पर्यंत असेल तर ती एका बाइटमध्ये बसते. त्याहून मोठी असेल तर पहिला बाइट 'पुढचे किती बाइट लांबीचे आहेत' हे सांगतो. लांबी २०० असेल तर १२९, २००. लांबी ३०० असेल तर १३०, १, ४४. सर्टिफिकेट ही एक मोठी सीक्वेन्स असते, म्हणून बहुतेक सर्टिफिकेट ४८, १३० या बाइटनी सुरू होतात. बेस-६४ मध्ये साठवल्यावर या सुरुवातीची 'एमआयआय' ही रोमन अक्षरे होतात. सर्टिफिकेटची फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा. शीर्षकाच्या ओळीनंतर तीच अक्षरे दिसतील.

३. संख्या आणि संख्येसारखे दिसणारे

इंटीजर हा पूर्णांकांचा प्रकार. त्याला स्वतःची कमाल मर्यादा नाही. म्हणूनच शेकडो अंकी क्रिप्टोग्राफिक संख्याही त्यात बसतात. मूल्य टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीने, कमीत कमी बाइटमध्ये लिहितात. ७८ म्हणजे २, १, ७८. ३०० म्हणजे २, २, १, ४४. २०० लिहिताना मात्र जपावे लागते. २, १, २०० असे लिहिले तर सर्वात वरचा बिट १ असल्याने घेणारा ते उणे ५६ समजेल. म्हणून पुढे एक शून्य बाइट द्यावा लागतो: २, २, ०, २००.

आता मुंबईचा एसटीडी कोड ०२२ घ्या. तो इंटीजर म्हणून पाठवला तर पलीकडे २२ पोहोचेल, पुढचे शून्य नाहीसे होईल. बंगळुरूचा ०८० हा ८० होईल. एसटीडी कोड अंकांनी लिहितात, पण तो संख्या नाही. एक साधी कसोटी वापरा: दोन मूल्यांची बेरीज किंवा सरासरी काढली तर तिला काही अर्थ आहे का? गुणांच्या सरासरीला अर्थ आहे. फोन क्रमांकांच्या सरासरीला नाही. जेथे अर्थ नाही तेथे न्यूमेरिक स्ट्रिंग वापरा. तिच्यात ० ते ९ हे अंक आणि मोकळी जागा चालते.

काही ठरावीक पर्यायांपैकी एक निवडायचा असेल, उदाहरणार्थ रक्तगट, तर एन्यूमरेटेड वापरा. तेथेही आत पूर्णांकच जातो, पण टॅग १० असतो. त्यामुळे ३ म्हणजे 'तीन' नव्हे, 'ठरलेल्या यादीत ज्याला ३ हा क्रमांक दिला आहे तो पर्याय' हे घेणाऱ्याला कळते.

४. अक्षरे: कोणती चालतात, कशी मोजतात?

एएसएन.१ मध्ये अक्षरांच्या स्ट्रिंगचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाची परवानगी वेगळी आहे. प्रिंटेबल स्ट्रिंगमध्ये रोमन अक्षरे, अंक, मोकळी जागा आणि मोजकी विरामचिन्हे चालतात. ईमेलमधले ॲट चिन्ह त्यात बसत नाही. म्हणून ईमेलसाठी आयए५ स्ट्रिंग वापरतात. देवनागरी, तमिळ, बांगला अशा लिप्यांसाठी यूटीएफ८ स्ट्रिंग लागते.

'सई' हे नाव पाठवू. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते:

१२, ६, २२४, १६४, १८४, २२४, १६४, १३६

टॅग १२, लांबी ६ बाइट, मग 'स' चे तीन आणि 'ई' चे तीन.

येथे एक बारीक गोष्ट आहे. स्ट्रिंगवर साइझचे बंधन घातले तर ते बाइट मोजत नाही, चिन्हे मोजते. आणि चिन्ह म्हणजे युनिकोडचे चिन्ह, डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे. 'श्री' हे आपल्याला एकच जोडाक्षर दिसते, पण त्यात श, हलन्त, र आणि दीर्घ ईकाराची खूण अशी चार चिन्हे आहेत; बाइट बारा. भारतीय भाषांतील नावासाठी वीस चिन्हांची मर्यादा ठेवली तर अनेक पूर्ण नावे त्यात मावणार नाहीत. फॉर्मवर नाव अर्धवट छापले जाण्याचे मूळ पुष्कळदा अशा एका ओळीत असते.

५. संयुक्त प्रकार

आता परीक्षेच्या निकालाची एक नोंद लिहू.

निकाल ::= सीक्वेन्स {
    आसनक्रमांक न्यूमेरिकस्ट्रिंग (साइझ (८)),
    नाव यूटीएफ८स्ट्रिंग (साइझ (१..६०)),
    विषय सीक्वेन्स ऑफ विषयनिकाल,
    शेरा यूटीएफ८स्ट्रिंग ऑप्शनल
}

विषयनिकाल ::= सीक्वेन्स {
    विषयकोड प्रिंटेबलस्ट्रिंग,
    प्राप्ती चॉइस {
        गुण इंटीजर (०..१००),
        गैरहजर नल
    }
}

सीक्वेन्स म्हणजे ठरलेल्या क्रमाने येणारी, वेगवेगळ्या प्रकारांची फील्ड. सीक्वेन्स ऑफ म्हणजे एकाच प्रकाराच्या घटकांची यादी. सेट मध्ये फील्ड असतात, पण त्यांच्या क्रमाला अर्थ नसतो. चॉइस म्हणजे दिलेल्या पर्यायांपैकी नेमका एक.

चॉइसचा उपयोग येथे नीट पाहा. परीक्षेला बसून शून्य गुण मिळवलेला विद्यार्थी आणि परीक्षेला न आलेला विद्यार्थी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गैरहजेरीसाठी ० किंवा उणे १ लिहिण्याची सवय अनेक प्रणालींत दिसते. मग कोणीतरी वर्गाची सरासरी काढते आणि ते उणे १ गुपचूप बेरजेत जातात. वरच्या रचनेत शून्य गुण म्हणजे २, १, ० आणि गैरहजर म्हणजे ५, ०. टॅगच वेगळा असल्याने गोंधळाला जागा उरत नाही. नल या प्रकारात मूल्य नसते. त्याचे असणे हीच माहिती.

ऑप्शनल फील्ड गाळता येते. पण लागोपाठ दोन ऑप्शनल फील्ड एकाच प्रकाराची असतील तर? समजा 'आईचा मोबाइल' आणि 'वडिलांचा मोबाइल' ही दोन्ही न्यूमेरिक स्ट्रिंग आणि दोन्ही ऑप्शनल आहेत. एकच क्रमांक आला, तर तो कोणाचा? टॅग दोन्हीकडे १८ असल्याने सांगता येणार नाही. म्हणून अशा फील्डना संदर्भापुरते वेगळे टॅग देतात, ० आणि १. इम्प्लिसिट पद्धतीत मूळ टॅगच्या जागी हे टॅग येतात आणि त्यांचे बाइट १२८ आणि १२९ होतात.

६. ऑब्जेक्ट आयडेंटिफायर

जगात कोणाशी टक्कर होणार नाही असे नाव कसे द्यायचे? ऑब्जेक्ट आयडेंटिफायर त्यासाठी झाडाची रचना वापरतो. प्रत्येक फांदीला क्रमांक असतो आणि त्या फांदीचा मालक पुढचे क्रमांक वाटतो. भारताच्या डिजिटल सही व्यवस्थेची फांदी २.१६.३५६.१०० अशी आहे. त्यातील ३५६ हा भारताचा आंतरराष्ट्रीय देशक्रमांक.

बाइटमध्ये मांडताना पहिले दोन क्रमांक एकत्र करतात: २ × ४० + १६ = ९६. पुढचा प्रत्येक क्रमांक १२८ च्या पायात लिहितात आणि शेवटचा सोडून प्रत्येक बाइटमध्ये १२८ मिळवतात. ३५६ = २ × १२८ + १००, म्हणून १३०, १००. शेवटचा १०० एका बाइटमध्ये बसतो. संपूर्ण मांडणी: ६, ४, ९६, १३०, १००, १००.

७. बंधन हीसुद्धा माहिती आहे

गुणांवर आपण ०..१०० असे बंधन घातले. बीईआर मध्ये त्याने आकार बदलत नाही. ७८ साठी तीन बाइट, म्हणजे २४ बिट लागतातच. पीईआर मात्र बंधनाचा फायदा घेते. ० ते १०० ही १०१ मूल्ये सात बिटांत मावतात. टॅग आणि लांबी दोन्ही बाजूंना वर्णनातूनच ठाऊक असल्याने ती पाठवायचीच नसतात. दोन पर्यायांच्या चॉइससाठी एक बिट. एकूण आठ बिट.

४जी आणि ५जी च्या रेडिओ नियंत्रण संदेशांत पीईआर वापरण्याचे कारण हेच. हवेतला प्रत्येक बिट महाग असतो. पण त्यासाठी दोन्ही बाजूंकडे वर्णनाची एकच प्रत असावी लागते; बंधन एकीकडे ०..१०० आणि दुसरीकडे ०..२०० असेल तर तेथून पुढचा सारा संदेश एक बिट सरकतो.

८. प्रकार चुकला की काय होते?

पहिले उदाहरण, नेटवर्क मोजणीचे. एसएनएमपी मध्ये काऊंटर३२, गेज३२ आणि टाइमटिक्स असे प्रकार आहेत. तिन्हींत ३२ बिटांचा पूर्णांकच असतो. टॅगचे बाइट मात्र ६५, ६६ आणि ६७ असे वेगळे. काऊंटर फक्त वाढतो आणि भरला की शून्यावर येतो. गेज वर-खाली होतो. टाइमटिक्स सेकंदाचे शतांश मोजतो आणि सुमारे ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो.

काऊंटर३२ ची कमाल ४,२९,४९,६७,२९५ आहे. एका इंटरफेसवर आलेले बाइट मोजायला सुरुवातीला ती पुरेशी होती: १० मेगाबिटच्या लिंकवर काऊंटर भरायला सुमारे ५७ मिनिटे लागत. १ गिगाबिटची लिंक पूर्ण वेगाने सेकंदाला साडेबारा कोटी बाइट वाहते, आणि तोच काऊंटर सुमारे ३४ सेकंदांत भरतो. देखरेखीची प्रणाली दर पाच मिनिटांनी वाचन घेत असेल, तर दोन वाचनांच्या मध्ये तो आठ-नऊ वेळा फिरून आलेला असेल. आलेखावर वाहतूक कमी दिसेल, कोणताही एरर येणार नाही आणि निर्णय त्या आलेखावर घेतले जातील. म्हणून पुढे काऊंटर६४ आला. त्याच वेगाने तो भरायला साडेचार हजारांहून अधिक वर्षे लागतील.

दुसरे उदाहरण, तारखेचे. यूटीसी टाइम वर्षाचे दोनच अंक ठेवतो. सर्टिफिकेटच्या नियमांत, म्हणजे आरएफसी ५२८० मध्ये, ५० ते ९९ म्हणजे १९५० ते १९९९ आणि ०० ते ४९ म्हणजे २००० ते २०४९ असे ठरवले आहे. २०४९ पर्यंतच्या तारखा यूटीसी टाइममध्ये आणि २०५० पासूनच्या चार अंकी वर्षाच्या जनरलाइझ्ड टाइममध्ये लिहायच्या. म्हणून सर्टिफिकेटमधील तारीख हा या दोन प्रकारांचा चॉइस आहे. ज्याने आपल्या प्रोग्रॅममध्ये एकच पर्याय हाताळला, त्याचा प्रोग्रॅम दीर्घ मुदतीच्या सर्टिफिकेटवर अडेल. २०५० साली तुमच्यापैकी बरेच जण नोकरीत असतील, हे विसरू नका.

तिसरे उदाहरण सुरक्षेचे. एएसएन.१ ची स्ट्रिंग आपली लांबी सोबत आणते, त्यामुळे तिच्या मध्ये शून्य मूल्याचा बाइट आला तरी ती संपत नाही. सी भाषेतली स्ट्रिंग मात्र शून्य बाइटवर संपते. २००९ च्या ब्लॅक हॅट परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डॅन कामिन्स्की या दोघांनी स्वतंत्रपणे या फरकाचा गैरवापर दाखवला. सर्टिफिकेटमधील नावात आधी एखाद्या बँकेचे डोमेन, मग शून्य बाइट, मग हल्लेखोराचे स्वतःचे डोमेन. सर्टिफिकेट देणारी संस्था शेवटचे डोमेन पाहते आणि ते अर्जदाराचेच असल्याने सर्टिफिकेट देते. ब्राउझर तेच नाव सी स्ट्रिंग म्हणून वाचतो, शून्यावर थांबतो आणि त्याला फक्त बँक दिसते. त्यानंतर ब्राउझर आणि लायब्ररी दुरुस्त झाल्या. पण धडा कायमचा आहे: बाइट तेच होते, एका बाजूने एक प्रकार मानला आणि दुसऱ्या बाजूने दुसरा, आणि फसवणूक त्या फटीतून आत आली.

९. प्रकार निवडताना

प्रत्येक फील्डसाठी चार प्रश्न विचारा. या मूल्यावर गणित करायचे आहे का? ते कोणत्या मर्यादेत असेल, आणि वीस वर्षांनी ती मर्यादा पुरेल का? माहिती नसणे आणि माहिती शून्य असणे यांत फरक आहे का? अक्षरे कोणत्या लिपीतली आहेत? यांची उत्तरे कागदावर लिहूनच मॉड्यूल लिहायला बसा. जेसन, एक्सएमएल किंवा डेटाबेसचे टेबल असले तरी हेच प्रश्न लागू पडतात.

सराव प्रश्न

१. १२७, १२८ आणि उणे १ हे पूर्णांक डीईआर मध्ये लिहा.
२. ४८, ८, १२, ३, २२४, १६४, १८४, २, १, ९ या बाइटचा अर्थ सांगा.
३. १.३.६.१ या ऑब्जेक्ट आयडेंटिफायरची मांडणी करा.
४. खोलीचे तापमान, वाहनाचा नोंदणी क्रमांक, राउटर सुरू होऊन झालेला वेळ आणि गावाचे नाव यांसाठी प्रकार निवडा व कारण द्या.

पहिल्या तीनची उत्तरे: १) २, १, १२७, २, २, ०, १२८, २, १, २५५. २) दोन घटकांची सीक्वेन्स: 'स' ही स्ट्रिंग आणि ९ हा पूर्णांक. ३) ६, ३, ४३, ६, १. चौथ्याचे उत्तर एकच नाही. तुमचे कारण पटण्याजोगे आहे का, हे वर्गमित्राशी वाद घालून तपासा.